पाणबंद पेट्या घेऊन सुरतेला

मुंबईत फोर्टमधल्या एका कॅमेरावाल्याने मला फसवलं. पाण्याखाली फोटो काढायच्या चार जुन्या प्लॅस्टिकच्या पेट्या त्याने मला विकल्या आणि छातीवर हात ठेवून सांगितलं, "कोणताही यूज-अँड-थ्रो कॅमेरा घाला, फिट बसेल." एकही बसला नाही.

पेट्या मला हौसेला नको होत्या. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा रमाकांत ट्रॉलरवर तांडेल (बोटीचा म्होरक्या) होता. मालवणच्या खडकांबाहेर त्याची बोट बुडाली आणि एक खलाशी गेला. रमाकांत म्हणतो, मालवाहू बार्जने कुशीत धडक दिली. पोलीस म्हणतात, तांडेलाला डुलकी लागली आणि बोट खडकावर चढली. खडकाने तळ फुटला असता. आमच्या बाबल पाणबुड्याने तर भगदाड वरच्या फळ्यांत पाहिलं होतं. पण बाबल घरचा माणूस, त्याचं कोण ऐकणार? फोटो हवा होता. मालवणात माझा स्टुडिओ, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. अर्धा मे सरला होता, पावसाळी वाऱ्याने समुद्र खवळायच्या आत तो काढायला हवा होता.

आठ दिवस समुद्र आरशासारखा होता आणि ते आठही दिवस मी त्या पेट्यांत चिंध्या कोंबून कॅमेरे बसवण्यात घालवले. दोनदा बाबल बुडी मारून वर आला, दोन्ही वेळा पेटीत पाणी. शेवटी मला फिल्म पुरवणारा माणूस म्हणाला, "सुरतेला कतारगामात सुकदेव मिस्तरी आहे, खानदेशातला. यंत्रमागाचे भाग बनवतो, हिऱ्याच्या कारखान्यांची कामं करतो. त्याला नाही जमलं तर कुणालाच नाही." त्याच संध्याकाळी मी मुंबईची एसटी पकडली.

मुंबईहून सुरतेच्या गाडीत पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलो होतो. समोरच्या काकांनी पेटी निरखली.

"भाई, आ टिफिन छे?" (हा डबा आहे का?)

"पाण्यात बुडवायचा आहे," मी म्हणालो.

"तो तो दाळ पातळी थई जशे!" (मग डाळ पातळ होईल!)

सगळा डबा हसला. मी खिडकीबाहेर बघत होतो. ताडाची झाडं वाऱ्याने हलताना दिसली की मालवणचा समुद्र आठवे. इथे वारा, म्हणजे तिकडेही असेल?

सुरत स्टेशनबाहेर स्कूटरवर साड्यांचे गठ्ठे असे लादलेले, की चालवणारा दिसतच नाही. रिक्षावाला धुळ्याचा निघाला. सवयीने मी भाव पाडायला लागलो. तो म्हणाला, "भाऊ, गाववाल्याशी एवढी घासाघीस? बसा, तुम्ही द्याल ते घेतो." बसलो. वाटेत त्याने एका गाडीवर लोचो (हरभऱ्याच्या डाळीचं वाफवलेलं सैल पीठ, वर तेल आणि शेव) खायला लावला. एरवी दोन प्लेटा खाल्ल्या असत्या, त्या दिवशी अर्धी टाकली.

कतारगामची गल्ली अरुंद. खाली मागांची खटखट, वरच्या मजल्यांवर हिरे घासायच्या घंट्यांची (फिरत्या चकत्यांची) घरघर. मिस्तरींचं लेथ घराच्या पुढच्या खोलीतच होतं. त्यांची बायको सरूबाई दारात बसून साड्यांचे सुटे धागे कापत होती. ती आत ओरडली, "अहो, पाव्हना उना शे!" (पाहुणा आलाय!)

मी पेट्या आणि तीन तऱ्हेचे कॅमेरे मांडले आणि आधी मजुरीचं विचारलं. मिस्तरी पन्नाशीचे, शांत. म्हणाले, "भावाचं नंतर बघू, शेठ. कोण बुडालं ते सांगा. फिरायला जाणारा माणूस असा घामाघूम होऊन येत नाही."

मी सगळं सांगितलं. त्यांनी लेथवरचं दुसरं काम उतरवून ठेवलं.

कॅमेऱ्यांची जाडी वेगळी आणि प्रत्येकाचं बटणही वेगळ्याच जागी. मिस्तरींनी हिरा धरायची एक पकड दाखवली. "यात बारीक खडा बसतो आणि मोठाही. पकड तीच, स्क्रू फिरवायचा." पेटीत त्यांनी तशीच सरकती पितळी बैठक केली आणि काठाला रबर नवं घातलं.

चाचणीची युक्ती सरूबाईची. पांढऱ्या चिंधीत चिमूटभर कोरडा लाल रंग बांधून तिने तो पेटीत ठेवला. "डाइंग मिलमधला आहे, भाऊ. थेंब गेला तरी चुगली करतो." दगड बांधून पेटी मागच्या हौदात सोडली. मला कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि ठेचा वाढला. माझं लक्ष हौदाकडे.

पेटी वर काढली, तर चिंधीचा कोपरा रक्तासारखा लाल.

माझा तोल गेला. "तुमचं रबरच कुचकामी! तुम्हीही त्या फोर्टवाल्याच्याच जातीचे!"

"ओरडून पाणी निघत नाही, शेठ," मिस्तरी म्हणाले. त्यांनी पेटी उजेडाकडे धरली आणि एका जागी सुई टोचली. पांढरं मेण बाहेर आलं. बटण दाबायच्या दोन जुन्या कळांपैकी एक काढल्यावर राहिलेलं भोक मेणाने बुजवून, वरून घासून गुळगुळीत केलं होतं. चारही पेट्यांना.

"हे आपोआप होत नाही," ते म्हणाले. "कुणीतरी बसून केलंय."

मी त्यांची माफी मागितली. आयुष्यात फार वेळा मागितलेली नाही.

त्याच भोकांत त्यांनी पितळी कळ आणि वॉशर बसवले. कळीचं टोक सरकतं, कुठल्याही कॅमेऱ्याच्या बटणावर नेता येतं. दुसऱ्या दिवशी दुपारी चारही चिंध्या हौदातून कोऱ्या निघाल्या. मजुरी त्यांनी सांगितली तेवढी दिली. पेट्या पिशवीत भरताना सरूबाई म्हणाली, "बहिणीला सांगा, आता पाणी जाणार नाही."

मालवणला उतरलो तेव्हा लाटा बंदराच्या पायरीवर चढत होत्या. तशातही बाबल उतरला आणि सगळी फिल्म संपवून वर आला. पेटी आतून कोरडी होती. त्याचं तोंड मात्र उतरलेलं.

"दादानू, होडी कलंडली. भोक वाळूत गेला."

फोटो धुतले. मिस्तरींच्या कामात खोट नाही: प्रत्येक फोटो स्वच्छ, आणि प्रत्येकात धड फळ्या आणि वाळू. रमाकांतवरचा खटला उभा आहे. चूक माझीही आहे. फोर्टात किंमत पाडण्यात मी इतका रमलो की पेटी उजेडाकडे धरून पाहिली नाही. माझं उत्तर मी बहिणीला दिलं आहे.

आता तुम्ही द्या, फोर्टवाले शेठ. पैसे परत नकोत. ते आठ दिवस पाणी नितळ होतं आणि भगदाड उघडं होतं. मेण कुणी भरलं आणि तुम्हाला ते कधीपासून ठाऊक होतं, हे मालवणला येऊन माझ्या बहिणीच्या दारात उभं राहून सांगा.