चिमणी घाट चढत नाही

हे मी आजवर कुणालाच बोललो नाही. पोरांना नाही, मेहुण्याला नाही — आणि जिला सांगायला पाहिजे होतं तिला तर नाहीच. लिहायची मला सवय नाही. सातवीपर्यंत शाळा, मग सातपूरला कारखान्यात फिटर. पाना-पेंचिस धरलेला हात हा, पेन धरलं की अक्षर वाकडं जातं. पण तुम्ही घरचं माणूस असल्यासारखे समोर बसलाय असं समजून लिहितो.

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गाडी धुतली.

रविवार होता. दर रविवारी धुवायचो, त्यात नवीन काही नाही. शेवंता — माझी बायको — जुन्या पेटीकोटाचं फडकं घेऊन काचा पुसत होती. मी बॅटरीत पाणी घालत होतो. मग तिनं आपल्या हातानं ऑइलची पट्टी बाहेर ओढली, पुसली, परत आत घातली, काढून उन्हात धरली आणि म्हणाली, "आमटी खाली गेली अहो. वाढा जरा."

मी ऑइल ओततोय तर मागून अंगावर सपकन पाणी. नळी तिच्या हातात! मी ओरडलो. वरच्या गॅलरीतून जोशीकाकू म्हणाल्या, "या वयात होळी का हो शेवंताबाई?"

"होळी नाय काकू, रंगपंचमी. नाशकात राहतो ना आपण!"

आणि हसली. दात पडल्यापासून तोंडावर हात धरून हसायची, पण त्या दिवशी हात ओला होता म्हणून धरला नाही. मग पुढच्या सीटवर बसली, पाय बाहेर सोडून, बशीत चहा ओतून. म्हणाली, "औंदा आखाजीला चिमणीनंच जायचं कळवणला. बास. काय ते बघून ठेवा आत्ताच."

त्यावर मी काय म्हणालो ते पुढं सांगतो. आत्ता नाही होत.

चिमणी म्हणजे आमची गाडी. लहान, पांढरी, दुसऱ्याकडून घेतलेली. पोरगा तेव्हा दहावीला असेल. आमच्या गल्लीत तोवर स्कूटरी होत्या, चारचाकी पहिली आमचीच. दारात आणून उभी केली तेव्हा शेवंतानं चाकाखाली लिंबू ठेवलं, बॉनेटवर कुंकवानं स्वस्तिक काढलं आणि हॉर्न वाजवायला सांगितला. मी वाजवला. तो बिचारा इतका बारीक वाजला की ती म्हणाली, "अगं बाई, ही तर चिमणी!" झालं. नाव पडलं.

काय दिवस होते ते! रविवारी सकाळी पोरं अजून अंथरुणात, आणि आम्ही दोघं गाडीच्या भोवती. तिला मी सगळं शिकवलं. ऑइल कसं बघायचं, रेडिएटरचं झाकण गरम असताना का उघडायचं नाही, एअर फिल्टर कसा आपटून झटकायचा. ती तो आपटायची अंगणाच्या भिंतीवर, पायपुसणं झटकावं तसा. चाकातली हवा बघायला टायरला लाथ घालायची आणि म्हणायची, "ढेकर दिली बघा, पोट भरलंय हिचं." प्लग काढून पॉलिश पेपरनं घासायला बसलो की शेजारी मेथी निवडत बसायची. तासन् तास. मला सांगा, नवरा-बायकोला एवढं बोलायला जागा कुठं मिळते हो? आम्हाला बॉनेटखाली मिळाली.

दसऱ्याला तर विचारू नका. झेंडूचा हार चिमणीला एवढा मोठा की समोरचं दिसायचं नाही. हार घालूनच चक्कर मारायची हा तिचा हट्ट. ती खिडकीतून डोकं बाहेर काढून सांगायची, "डावीकडं म्हैस हाय! उजवीकडं घ्या!" सगळी गल्ली हसायची. आम्ही पण.

आणि ती सगळ्यांना सांगायची — आमचे हे गाडी लोण्यासारखी चालवतात.

चालवायचो. खरंच चालवायचो. सपाटीवर.

आता आलं बघा. इथंच माझा पाय अडतो.

गाडी नवीन असताना एकदा मी एकटाच गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, गेलो होतो. परत येताना वरच्या चढावर पुढं ट्रक थांबला. मी थांबलो. ट्रक सुटला, मी ब्रेक सोडला — आणि गाडी मागं निघाली. हाफ क्लच, हँडब्रेक, जे काय शिकलो होतो ते सगळं डोक्यातून गेलं. मागं टमाट्याची हातगाडी. धडाड! माणूस बाजूला उडी मारून वाचला. कुणाला लागलं नाही. पण मागं पोरगं उभं असतं तर? त्या भाजीवाल्यानं मला अशा शिव्या घातल्या की अजून पाठ आहेत. फुटलेली टमाटी सगळी मी विकत घेतली आणि घरी आणली. शेवंता म्हणाली, "एवढी?" म्हटलं, स्वस्त मिळाली. आठवडाभर टमाट्याचं सार आणि चटणी. पोरांनी ताटं सरकवली. मी मुकाट खाल्लं.

त्या दिवसापासून चढ दिसला की माझे पाय गार पडायचे. कारखान्यात मोठमोठी मशिनं उघडून बसवणारा माणूस मी — आणि चढाला भ्यालो. एवढं सांगायला काय झालं होतं? शेवंता हसली असती, चार दिवस चिडवलं असतं, मग स्वतःच म्हणाली असती, "राहू द्या, एस्टी हाय." पण ती लोकांना लोण्यासारखी म्हणून सांगत होती ना! ते लोणी मला सोडवेना.

तिचं माहेर कळवणजवळ. तिकडं आखाजीला लेक माहेरी गेलीच पाहिजे. झोके बांधतात, गाणी म्हणतात, पुरणाचे मांडे करतात. अक्षय्यतृतीया म्हणा तुम्ही, तिच्यासाठी ती आखाजीच. आणि वणीच्या पुढं कळवणला जायचं तर घाट.

गाडी घेतल्यावरची पहिली आखाजी. तिनं महिनाभर आधी भावाला निरोप धाडला, गाडीनं येतोय. सकाळी नवीन लुगडं नेसून, डबे भरून तयार. मी म्हटलं, ऑइल बघून येतो. बाहेर गेलो, बॉनेट उघडलं. इंजिनावर एक जाड वायर असते. ती ओढून काढली की किल्ली कितीही फिरवा, इंजिन नुसतं खाकरतं, लागत नाही.

ती वायर मी काढली. माझ्या हातानं. आणि बायकोसमोर बसून किल्ली फिरवत राहिलो.

शेवंता आधी गाडीवर चिडली, मग तिच्याशी गोड बोलली, मग तिच्या पाया पडली. हो — चाकाला हात लावून पाया पडली. मी कपाळाचा घाम पुसत होतो. घाम खरा होता.

एस्टीनं गेलो. तिकडं दारात रांगोळी. सासूबाई तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन उभ्या, गाडीवरून ओवाळून टाकायला. म्हातारीचा जन्म बैलगाडीत गेलेला, तिला चिमणीत बसून शिवारातून एक चक्कर मारायची होती. आम्ही पिशव्या घेऊन चालत येताना दिसलो, तर तिनं आमच्या मागं रस्त्याकडं बघितलं. म्हणाली, "जावाई, गाडी कोठे शे?"

आणि भावजय पदराआड हसून म्हणाली, "वन्सं पिशवीतून काढतील की आता."

सगळे हसले. शेवंता पण हसली. म्हणाली, "आमच्या चिमणीला घाट चढत नाय गं. नाजूक हाय."

तीच सबब मग मी उचलली. तिनं आयती दिली आणि मी वर्षानुवर्षं वापरली. कधी क्लचप्लेट, कधी रेडिएटर, कधी इंजिन गरम होतं. आखाजी जवळ आली की चिमणी आजारी. मग मी तिच्यावर जास्तच मेहनत घ्यायचो, लोकांना दिसावं म्हणून. तुम्ही विचाराल, एवढी निगा राखलेली गाडी बिघडते कशी? कुणीच विचारलं नाही. शेवंता तर नाहीच. उलट बॉनेटखाली माझ्या शेजारी उभी राहून टॉर्च धरायची. नसलेला बिघाड शोधायला.

पण हे सगळं सोडा. ह्यातलं काही मी कदाचित हसत सांगितलं असतं. एक गोष्ट नाही सांगता येत.

सासूबाई गेल्याचा फोन आला. सकाळची वेळ. चिमणी दारात उभी होती. आदल्याच दिवशी धुतलेली, टाकी भरलेली, हवा भरलेली, वायर जागेवर. शेवंता फोन ठेवून बाहेर आली, गाडीजवळ थांबली. मी किल्ली घेऊन उभा होतो. पाय गार पडले होते, तरी किल्ली हातात होती. ती म्हणाली, "नको. हिचा भरवसा नाय. वाटेत बंद पडली तर आईचं तोंड दिसायचं नाय. एस्टीनं जाऊ."

तेव्हा बोलायचं होतं. अगं, गाडी धडधाकट आहे, भित्रा मी आहे. आपण हिला घाटातून चालत ढकलत नेऊ, पण नेऊ. किंवा शेजारचा कुणी ड्रायव्हर घेऊ — चार जण तयार झाले असते. तोंड उघडायचं होतं फक्त.

मी म्हटलं, "हो, एस्टीच बरी."

आणि किल्ली खिशात ठेवली. सुटलो असं वाटलं मला. आई मेली होती तिची, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

स्टँडवर गर्दी, पहिल्या गाडीत पाय ठेवायला जागा नाही. पुढची वणीपर्यंतच. तिथून जीपची वाट. आम्ही पोचलो तेव्हा माणसं स्मशानातून परत येत होती. शेवंता रस्त्यातच खाली बसली.

पुढच्या रविवारी मी गाडी धुतली नाही. वाटलं, ती चिडून असेल गाडीवर. तर शेवंताच बादली घेऊन बाहेर आली. बॉनेटवरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुझा काय दोष गं. जमत नाय तर जमत नाय."

माझ्यासमोर. माझ्याकडं पाठ करून, गाडीला.

तिला आतून माहीत असेल असं मला कुणी सांगू नका. धाकट्या लेकीनं एकदा असंच काही म्हणायला सुरुवात केली होती, मी उठून गेलो. शेवंता मनात ठेवणारी बाई नव्हती. कळलं असतं तर गल्ली गोळा करून बोलली असती, आणि दुपारी जेवायला वाढलं असतं. तिला माहीत नव्हतं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला आणि गाडीला माफ केलं.

त्यानंतरही वर्षं चांगली गेली, हे खोटं कशाला सांगू? पोरं मार्गाला लागली. आम्ही दोघं चिमणीतून गंगापूरच्या धरणावर जायचो, सपाट रस्त्यानं. भेळ खायचो. परत येताना ती डुलकी घ्यायची आणि चौकाचौकात दचकून विचारायची, "लागली ना? बंद नाय ना पडली?" मी म्हणायचो, नाही गं. ती परत झोपायची. एवढं सुख होतं बघा. त्याच्या बुडाशी काय होतं ते मला एकट्याला ठाऊक.

तर तो शेवटचा रविवार. चहाची बशी हातात, पाय बाहेर. औंदा आखाजीला चिमणीनंच जायचं, म्हणाली. आई नसली तरी भाऊ आहे, झोका आहे.

मी म्हटलं, "बघू. रेडिएटर गळतोय जरासा."

रेडिएटर कोरडा ठणठणीत होता. मीच सकाळी पुसला होता.

ती म्हणाली, "बरं. मग एस्टी." आणि बशी विसळायला उठली. रात्री झोपेतच गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळवणची माणसं आली. मेहुणा यशवंत, भावजय, भाचे. अंगण भरलं. शववाहिनी गल्लीत आली, पण फाटकातून आत येईना, वाटेत चिमणी उभी. कुणीतरी म्हणालं, गाडी काढा. मी उठलो. यशवंतनं माझा खांदा धरला, म्हणाला, "बसा दाजी. आम्ही ढकलतो. ती कुठं लागते धड."

मी त्याचा हात काढला. आत बसलो, किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात लागली. आवाज असा, की नुकती शोरूममधून आणलीय. यशवंत बघत राहिला — आधी बॉनेटकडं, मग माझ्याकडं. थांबला नुसता.

मी काच खाली केली आणि त्याला म्हटलं, "आज कशी लागली, कोण जाणे."