जिलेबी गाभण नव्हती

आमची जिलेबी आज सकाळी कोरोनाने गेली.

घाबरू नका. जिलेबी म्हणजे आमची मांजर, आणि हा मांजरांचा कोरोना, आपल्यापेक्षा वेगळा.

रंग मावा जिलेबीचा, काळपट तपकिरी, म्हणून नाव जिलेबी. दीड वर्षापूर्वी एवढंसं पिल्लू बुधवारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरात शिरलं आणि आठवड्यात घराची मालकीण झालं. मी नेपानगरला शाळेवर शिकवायला जाते. दिवसभर घरी आई आणि ती, दोघीच.

गेल्या महिन्यात तिचं पोट वाढायला लागलं.

आई खूश. "पाह्य ना, जापा जवळ आला हिचा."

मग बाळंतपणासाठी कपाटाखाली जुन्या सुती साडीची घडी. दुधात तूप. शेजारच्या काकूंनी तर बुकिंगच केलं, "एक पिल्लू मले राखून ठेवजो बरं."

मी म्हटलं, आई, आता डिंकाचे लाडू तेवढे राहिलेत.

पोट वाढत होतं, पण पाठीची हाडं हाताला लागत होती. अंग तापलेलं. खाणं सुटलं, तरी आम्ही म्हणत होतो, दिवस भरत आलेत.

आम्ही दोन शहाण्या बायांनी बारा दिवस असेच घालवले. मला त्याचं फार वाईट वाटतं. तुमच्या मांजरीचं असं झालं तर थांबू नका, आधी डॉक्टरकडे न्या.

शेवटी आम्ही नेलं, तेव्हा डॉक्टरांनी पोटात सुई घातली. पिवळं, चिकट पाणी निघालं.

"मॅडम, बच्चे नहीं हैं. एफआयपी लग रहा है. बिल्लियों का कोरोनावायरस है, किसी-किसी में बिगड़ जाता है."

तो शब्द ऐकून आई खुर्चीवर बसली.

माझे पप्पा कोरोनात गेले. आई नऊ दिवस हॉस्पिटलच्या गेटबाहेर होती, तिला आत सोडलं नाही. त्यावर ती कधी बोलत नाही.

तिने डॉक्टरांना एकच विचारलं, "इसको हाथ लगा सकते ना?"

"हाँ अम्मा, इन्सान को नहीं लगता ये. गोद में लीजिए."

इंदूरहून औषध मागवलं. रोज एक इंजेक्शन, कोर्स चौऱ्याऐंशी दिवसांचा.

सहाच झाली.

त्या सहा दिवसांत आईने तिला खाली ठेवलं नाही. ड्रॉपरने पाणी पाजायची, कोमट फडक्याने तोंड पुसायची. निंबोल्याला मावशीकडे लग्न होतं, तेही सोडलं.

काकू म्हणाल्या, "मांजरीसाठी लग्न सोडतं का कोणी?"

"सोडतं वं. मले इथंच बसायचं आहे."

आज सकाळी आईच्या मांडीवर जिलेबीने दोन लांब श्वास घेतले आणि थांबली. आईने तिचे डोळे मिटले. बराच वेळ पाठीवरून हात फिरवत राहिली.

मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

"तुह्या पप्पाच्या टायमाले असं बसू दिलं नाही मले कोणी."

मी तिच्याजवळ जाऊन बसले.

जिलेबी, आम्हाला उशिरा कळलं, माफ कर.

तुला आम्हा दोघींचा शेवटचा नमस्कार.