तीन लाल टिकल्या आणि लालबागची सहल

माझा जन्म लालबागचा. चाळीत पंचवीस वर्षं काढून ठाण्याला पळालेला माणूस मी. तोच मी मध्यंतरी एका रविवारी एसी मिनीबसमधून, गाइडसकट, लालबाग बघून आलो. हसू नका. माझा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. दिवाळीत एका संस्थेला देणगी दिली होती. ही संस्था गिरणगावातल्या मुलामुलींना फोटोग्राफी शिकवते. आता तिघांतून एकाला वर्षभराची शिष्यवृत्ती द्यायची होती, कॅमेऱ्यासकट, आणि निवडायचं आम्ही देणगीदारांनी. त्याआधी आम्हाला 'वस्ती' दाखवणार होते. म्हटलं, बघू तरी कशी असते.

सकाळी आठला गिरगावात जमलो. साबुदाणा वडा आणि पीयूष, संस्थेच्या खर्चाने, म्हणजे माझ्याच. तुम्ही जाणार असाल तर साडेसातलाच जा, नंतर टेबल मिळत नाही. आम्ही बारा देणगीदार. प्रत्येकाच्या गळ्यात नावाचा बिल्ला, हरवलो तर लोकांनी परत आणून द्यावं म्हणून.

दादरला फुलबाजारात उतरलो. इथे स्वतःची गाडी आणायच्या फंदात पडू नका, पायीच फिरा. शेवंतीचे ढीग बघून आमच्यातल्या एका बाईंनी फुलवाल्याला विचारलं, "हे सगळं रोज असतं?"

"नाय मॅडम, तुम्ही येणार कळलं म्हणून मांडलं."

परळला, भोईवाड्यातल्या एका चाळीचे तीन जिने चढलो. संस्थेच्या ईशिता मॅडम हळव्या आवाजात म्हणाल्या, "अशा एका खोलीत पूर्वी दहा-दहा माणसं झोपायची."

"अकरा," मी म्हटलं. "मला धरून."

कोणी हसलं नाही. दोघांनी लिहून घेतलं.

तिथल्या गॅलरीत प्रज्ञा भेटली, शिष्यवृत्तीच्या तीन उमेदवारांपैकी एक. वय एकोणीस, कॅमेरा भाड्याचा. कठड्याला चादर बांधून तिने एका मालवणी आजोबांना स्टुलावर बसवलं होतं. ती चाळीतल्या म्हाताऱ्यांचे फ्रेमचे फोटो काढते. म्हणजे माणूस गेल्यावर भिंतीवर लागतो तो फोटो, पण माणूस असतानाच, त्याच्या पसंतीने.

"चष्म्यार उजेड मारता काय गो?" आजोबांनी विचारलं.

"मान जरा खाली घ्या. आणि हसा."

"हार घातलेल्या फोटोत कोण हसता?"

"तुम्ही हसा. रडायला बाकीचे असतील."

आजोबा हसले, आणि तिने नेमकं तेव्हाच बटण दाबलं.

मला आमचे बाबा आठवले. ते गेले तेव्हा घरात त्यांचा एकही धड फोटो नव्हता. चुलतभावाच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून स्टुडिओवाल्याने त्यांना कापून काढलं. खांद्यावर कोणाचा तरी घड्याळ घातलेला हात राहिला तो राहिलाच. वीस वर्षं आम्ही त्या हातालाही हार घालतोय.

शेवटचा मुक्काम लालबाग. मिरची कांडपाच्या वासाने देणगीदार ओळीने शिंकले. रुमाल न्या. एका हॉलमध्ये तिघांचे फोटो लावले होते. एका मुलाने बंद गिरणीच्या भिंतींच्या भेगा टिपल्या होत्या, एका मुलीने मांजरं. आम्हाला प्रत्येकी तीन लाल टिकल्या मिळाल्या. आवडेल तिथे लावायच्या, ज्याच्या जास्त त्याला शिष्यवृत्ती.

भेगांपुढे गर्दी. "काय टेक्स्चर आहे," एक गृहस्थ म्हणाले. प्रज्ञाच्या फोटोंपाशी येऊन म्हणाले, "सगळे इस्त्रीच्या कपड्यांत. दुःख दिसत नाही कुठे."

मी मनात भरपूर टोमणे मारले. आणि मग काय केलं? तिघांनाही एकेक टिकली लावली. चाळीतली सवय, प्रसाद सगळ्यांना सारखा. कोणाला वाईट वाटायला नको.

मोजणी झाली. प्रज्ञा एका टिकलीने हरली.

ती फोटो उतरवत होती तिथे गेलो.

"काका, तुम्ही तिघांना एकेक लावली ना? बघत होते मी."

"हो."

"हळदीकुंकवासारखी."

मी म्हटलं, "कॅमेऱ्याचे मी वेगळे देतो."

"देणगी नको. फोटो काढून घ्या. फ्रेमसकट आठशे." मग पुढची फ्रेम उतरवत, "कारखान्यात माणसं किती तुमच्या?"

"चाळीस."

"त्यांचेही."

मी धंदेवाला आहे, घासाघीस करता आली असती. केली नाही. पुढच्या रविवारी एकटाच भोईवाड्यात गेलो, बिल्ला न घालता, आणि त्या स्टुलावर बसलो.

फ्रेम घरी आली तेव्हा बायको म्हणाली, "जिवंत माणसाचा भिंतीवर लावायचा नसतो." कपाटात, गोधड्यांवर ठेवून दिली. भिंतीवर बाबा, खांद्यावर तो हात. कारखान्यातले बारा फोटो झालेत, प्रज्ञाचा कॅमेरा मात्र अजून भाड्याचाच. माझ्या तिन्ही टिकल्या तिला लावल्या असत्या तर नसता. फ्रेमला कपाट मिळालं, सहलीतून घरी आलेली ही चुटपुट कुठे ठेवायची ते अजून सुचलेलं नाही.

परवा कपाट उघडं दिसलं. बायको माझा फोटो मांडीवर घेऊन बसली होती.

"ती मुलगी घरी येते का रे?" तिने विचारलं. "मला हिरवी पैठणी नेसायचीय. आणि बाजूला कोणी उभं राहायचं नाही. तूसुद्धा."