पेद्दम्माचा एकचा सिनेमा

पेद्दम्माला सिनेमा आवडला की नाही, हे तिच्या विड्यांवरून कळायचं. विड्यांचा कट्टा, म्हणजे एक जुडी, पंचवीसचा. मांडीवर सूप, सुपात पानं, तंबाखू आणि दोरा. डोळे आमच्या टीव्हीवर आणि बोटं आपली वळत, मोजत बसलेली. सिनेमा रटाळ असला की कट्टा बरोबर पंचविसाचा भरायचा. चांगला असला की चोवीस नाहीतर सव्वीस. मी शाळेत लिपिक आहे, मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. एकदा तिचा कट्टा उचलून मोजला, तर सत्तावीस निघाल्या. "निघणारच की ओ भाऊसाहेब," ती म्हणाली, "आज त्यो पोरगा रडला की!"

पेद्दम्मा म्हणजे तेलुगूत थोरली मावशी. नात्यानं ती आमची कोणी नव्हती, शेजारीण होती. नवरा मागावर काम करून करून गेलेला, मुलगा भिवंडीत. तिचा टीव्ही बंद पडला होता आणि मुलगा पुढच्या खेपेला नवा आणणार होता. त्या खेपेची वाट बघत ती तीन वर्षं रोज दुपारी एक वाजता आमच्याकडे आली. सकाळची शाळा आटोपून मी साडेबाराला घरी यायचो. जेवण झालं की माझी बायको सुनंदा, मी आणि पेद्दम्मा, असे तिघं टीव्हीसमोर.

एक ते तीन एका वाहिनीवर परदेशी प्रेमाचे सिनेमे लागायचे. थिएटरात न आलेले, टीव्हीपुरतेच काढलेले, हिंदीत बोलणारे. शहरातली मुलगी लहानशा गावात येते, तिथं एक सुतार भेटतो, बर्फ पडतो, गैरसमज होतो आणि शेवटी जमतं. बाहेर सोलापूरचं ऊन पत्रा तापवत असायचं आणि आत आम्ही तो बर्फ बघत असायचो. मी हिशेब ठेवला होता: दहांतल्या सातांत नायिकेचं केकचं नाहीतर फुलांचं दुकान. पेद्दम्माला त्या दुकानांची फार काळजी. "सकाळधरनं एक गिऱ्हाईक न्हाय, आन ही हसायलीय बघ!"

नायकाची परीक्षा ती स्वतःच्या पद्धतीनं घ्यायची. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि ते कधी पहाटे तीनला, कधी चारला. गिटार वाजवणारा, फुलं आणणारा, पावसात भिजणारा कुठलाही नायक आला की ती विचारायची, "पाण्याच्या दिवशी उठंल का ह्यो?" सुनंदा माझ्याकडे बघून म्हणायची, "विचारा की ह्यांना!" मग दोघी हसायच्या. मी उठत असे, पण तिसऱ्या हाकेला.

तिची खरी माया मात्र नायकावर नव्हतीच. या सिनेमांत सुरुवातीला मुलीचा शहरातला एक होणारा नवरा असतो. सदा फोनवर बोलणारा, कोट घातलेला. मध्यावर मुलगी त्याला टाळू लागते. आज काम आहे, उद्या डोकं दुखतंय, परवा गाडी बंद आहे. पेद्दम्मा चिडायची. "त्या बिचाऱ्याचं काय चुकलं सांगा बरं? नको झालाय तर नको म्हण की तोंडावर. कारणं कशाला सांगायलीस?" आणि बोटानं दोरा कच्चकन तोडायची.

तिसऱ्या वर्षी आमच्या मुलीसाठी स्थळं बघायला सुरुवात झाली. पहिलीच मंडळी आली. मुलाच्या आत्यानं पोह्यांची बशी हातात घेतली, नाक जरा वर केलं आणि विचारलं, "घरात विड्या वळता का तुमी?" तंबाखूचा वास खोलीत मुरला होता. आम्हाला तो येतही नव्हता. सुनंदानं "नाही, शेजारच्या बसतात कधीमधी," म्हणून सांगितलं. त्या मंडळींचा निरोप आलाच नाही. कारण वासच होतं की आणखी काही, मला आजही माहीत नाही. पण मी ते वासाच्या माथी मारलं.

दुसऱ्या दिवशी पावणेएकला मी दारातच उभा राहिलो. पेद्दम्मा सूप काखेत घेऊन आली. मी म्हणालो, "टीव्हीचा बॉक्स बिघडलाय."

"आरं देवा! आज तर काल अर्ध्यावर ऱ्हायलेला लावणार हुते," ती म्हणाली आणि परत गेली. मी दार लावलं. एक वाजता आम्ही टीव्ही लावला.

त्यानंतर ती भेटली की विचारायची, "झाला का ओ बॉक्स दुरुस्त?" मी सांगायचो, माणूस आला नाही. मग, पार्ट मिळत नाही. मग, पुण्याहून मागवलाय. तिनं एकोणीस वेळा विचारलं. एकोणिसांतल्या एकाही वेळी मी खरं बोललो नाही. मधल्या काळात मुलीचं चांगल्या ठिकाणी ठरलंही. सुनंदा म्हणाली, "आता तरी बोलवा की म्हातारीला. मला घास गोड लागत नाही." मी म्हणालो, "लग्न होऊन जाऊ दे."

एका दुपारी तिचा आमच्याकडे राहिलेला डबा परत द्यायला मी शेजारी गेलो. दार उघडंच होतं. पेद्दम्मा नेहमीच्या उजेडाच्या जागी, खिडकीपाशी नव्हती. तिनं पोतं आमच्या बाजूच्या भिंतीला लावून अंथरलं होतं आणि डोकं भिंतीला टेकून ती विड्या वळत होती. भिंतीतून आमचा टीव्ही ऐकू येत होता. शब्द न् शब्द. मी डबा हातात धरून तसाच उभा. तिनं माझ्याकडे बघितलं, ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, "थांबा, भांडण लागलंय."

मी डबा उंबऱ्यावर ठेवला आणि घरी आलो. म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. बॉक्सचं विचारत होती ती मला एक संधी म्हणून, एकोणीस वेळा. त्या दिवसानंतर तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

मग मी काय केलं, ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. मी टीव्हीचा आवाज चौदावरून चोवीसवर नेला. सुनंदा म्हणाली, "बहिरे झालात का?" रोज एक वाजता चोवीस. दोन घरांच्या दारांमध्ये चार पावलांचं अंतर होतं आणि मी आवाज वाढवून समाधान मानलं.

मुलीच्या लग्नाला पेद्दम्मा आली, जेवली, मुलीच्या गालावरून हात फिरवून गेली. दिवाळीनंतर तिला मुलगा भिवंडीला घेऊन गेला. पुढच्या उन्हाळ्यात ती तिथंच वारली. फोन आला तेव्हा मी शाळेत हजेरीपत्रक लिहीत होतो. त्या पानावर मी केलेली खाडाखोड अजून तशीच आहे.

तिच्या भिवंडीला जाण्याच्या आधीच्या आठवड्यात एका संध्याकाळी ती आमच्या पायरीशी थांबली होती. मी चपला घालत होतो.

"भाऊसाहेब, आवाज लई झ्याक येतो बरं का आता," ती म्हणाली. बोलण्यात टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं. "पर शेवटी शेवटी दोघं गप हुतात बघा. नुसतं संगीत वाजतंय. तवा काय करत असत्यात, काय कळत न्हाय."

आत टीव्ही होता. उद्याही एक वाजता सिनेमा होता. 'या की उद्या बघायला,' एवढंच म्हणायचं होतं. मला वाटलं, आता म्हटलं तर सगळंच कबूल केल्यासारखं होईल.

"लग्नच ठरतं, पेद्दम्मा," मी म्हणालो. "सगळ्यांत शेवटी तेच असतं."

"त्ये मला बी म्हाईत हाय," ती म्हणाली, आणि तिच्या घराकडे वळली.