कापसाच्या खोलीतलं ग्राफिक कार्ड

त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता, म्हणून आमच्या गावात कापूस घरात राहायचा आणि माणसं ओसरीवर. आज ना उद्या भाव चढेल या आशेवर बाबांनी समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत ढीग लावला होता. उरलेल्या कोपऱ्यात आमचा कॉम्प्युटर होता, पुसदच्या एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतून आणलेला. त्यावर मी आणि ताई एकाच कीबोर्डवर बोटं रेटत गाड्यांची शर्यत खेळायचो. ताईच जिंकायची. प्रत्येक वळण तिला पाठ होतं, आणि जिंकल्यावर ती जे नाचायची, ते बघून माझं डोकं फिरायचं.

तशात ताईचं लग्न ठरलं, नेरच्या मुलाशी. ती जायच्या आत तिला एकदा तरी हरवायचंच, असा मी चंग बांधला. उपाय एकच होता: नवा गेम, जिथले रस्ते दोघांनाही नवे. पण तो आमच्या यंत्रावर उघडतच नव्हता. त्याला ग्राफिक कार्ड हवं होतं.

पुसदच्या दुकानदाराला मी ऐटीत म्हणालो, "चांगलं कार्ड द्या."

"मदरबोर्ड कोणता हाये?"

"हिरवा."

त्यानं कपाळाला हात लावला. "भाऊ, पोरगा पसंत केला, अन् घर पाह्यलंच नाही तुमी!"

मग मी अख्खं कॅबिनेट गोणपाटात बांधून एसटीनं त्याच्याकडे नेलं. इतकी चौकशी तर बाबांनी जावयाचीही केली नव्हती. नवी कार्डं आमच्या बोर्डाच्या जुन्या खाचेत बसणार नव्हती. जुन्या खाचेचं एक दांडगं कार्ड निघालं, पण आमचा पॉवर सप्लाय मरतुकडा, त्याला ते झेपणार नव्हतं. शेवटी दोनच कार्डं उरली. एक बिनपंख्याचं, जरा मंद. दुसरं पंख्याचं, चपळ.

"घरात धूळगिळ असन तर बिनपंख्याचं न्या," तो म्हणाला.

"धूळ नाही," मी म्हणालो. खरंच नव्हती. कापूस होता, पण ते त्यानं विचारलंच नव्हतं.

ताई साड्या घ्यायला गेली की मी गुपचूप सराव करायचो. हळदीच्या आदल्या दिवशी शर्यत लागली. शेवटच्या फेरीत मी चक्क पुढे होतो, आणि चित्र जागच्या जागी थिजलं. कॅबिनेटचं झाकण आम्ही कायमचं काढून ठेवलं होतं. आत डोकावलो, तर कार्डाच्या पंख्यात कापूस अडकलेला आणि कार्ड तव्यासारखं तापलेलं.

"कायले आणलं बे पंख्याचं?" म्हणत ताई नाचायला लागली.

"मी पुढे होतो!"

"पोचला होता का? नाही ना. मंग!"

मला रडूच यायचं बाकी होतं. ताई न हरता सासरी गेली.

लग्नानंतर भाव आणखी उतरला. बाबांनी वैतागून कापूस विकून टाकला आणि आईनं खोली झाडून धुतली. कार्ड बिनबोभाट चालायला लागलं. मी रोज जिंकायचो आणि रोज कंटाळायचो. ताईची फार आठवण यायची.

दिवाळीला ती आली. खोलीत औषधालाही कापूस नव्हता. आता कुठे जाशील, असं मनात म्हणत मी बसलो. शेवटच्या फेरीत पुढे गेलो, आणि चित्र पुन्हा थिजलं. वाकून पाहिलं. पंख्यात फुलवात अडकली होती, आईनं लक्ष्मीपूजनासाठी वळून तुपात भिजवलेली. ताईची बोटंही तुपकट होती.

"लग्नाच्या वेळीही तूच?"

"मंग हारून जाऊ काय सासरी?" ती खो खो हसली. मग हसू ओसरल्यावर म्हणाली, "तिकडं कोणी खेळत नाही रे माह्यासंग."

भाऊबीज झाली, ती गेली. आता तरी कॅबिनेट बंद करावं म्हणून मी झाकण आणि स्क्रू शोधून काढले. मग झाकण परत भिंतीला टेकवलं आणि कॅबिनेटची उघडी बाजू तिच्या खुर्चीकडे वळवून ठेवली.