आधी जेवू दे

जगात कुठेही युद्ध सुरू झालं की घिवलीचे रगू तांडेल अंघोळ करून, केसांना तेल चोपडून टीव्हीसमोर बसायचे. लग्नाला निघाल्यासारखे. युद्ध कोणाचं कोणाशी आहे, कशावरून आहे, याची त्यांना फारशी फिकीर नसे. पडद्यावर रणगाडा दिसला की ते खुर्चीच्या कडेला सरकत आणि त्या परक्या देशाच्या सेनापतीला आमच्या बोलीत हुकूम सोडत, "एकाला पण सोडू नको! ठेचून काढ!" दुसऱ्या दिवशी चॅनल बदललेलं असलं की त्याच जोमाने समोरच्या बाजूला हुकूम जात. दोन्ही बाजूंनी एकमेकांना संपवून टाकावं अशी त्यांची मनापासून इच्छा होती, आणि तसं होत नाही याचं त्यांना खरोखर वाईट वाटायचं.

तांडेल म्हणजे बोटीवरचा मुख्य, ज्याच्या शब्दावर बोट चालते. रगूकाकांनी सारी हयात असा शब्द चालवला आणि गुडघे गेल्यावर ते ओटीवरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत स्थिरावले. समुद्र सुटला, पण हुकूम सोडायची सवय सुटली नाही. समोर दुसरं कोणी नसल्यामुळे मग जगातले सेनापती त्यांच्या हाताखाली आले.

मी त्याच आळीतला. माझे वडील गेले, दादा बोटीवर गेला आणि मला त्याने शिकायला पाठवलं. शिकून मी बोईसरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवायला लागलो, म्हणजे परीक्षेला येणार नाही ते सांगायला आणि येणार आहे ते विसरायला. रविवारी स्कूटरवरून अणुशक्ती केंद्राच्या रस्त्याने घिवलीला दादाकडे यायचं, चहा घ्यायचा आणि शेजारच्या ओटीवर जाऊन रगूकाकांशी भांडायचं, हा माझा नेम होता. बायको म्हणायची, लोक रविवारी देवळात जातात, तुम्ही युद्धावर जाता.

मी संयमाचा पुरस्कर्ता. युद्ध क्रौर्याने जिंकता येतं, पण टिकवता येत नाही, हे माझं लाडकं वाक्य. ते मी वर्गात म्हणतो, स्नेहसंमेलनात म्हणतो, एकदा चुलतबहिणीच्या साखरपुड्यातही म्हटलं होतं. काकांना मी जवळचाच दाखला द्यायचो. मराठ्यांनी तारापूरचा किल्ला सुरुंग लावून, तलवार चालवून घेतला. वसईलाही लढाई भयंकरच झाली, पण शेवटी पोर्तुगीजांनी शरण यायची तयारी दाखवल्यावर त्यांना बायकापोरांसकट सुखरूप जाऊ दिलं. "बघा काका, खरा विजय कोणता? वसईचा!"

काका शांतपणे विचारायचे, "वसई आधी का तारापूर आधी?"

"तारापूर."

"मंग? तारापूरला काय झालं ते वसईवाल्यांना कललं, म्हनून ते शरण आले. आधी ठेचलं, मंग दया आली. उलटं करून बघ, कोन शरण येतो ते."

यावर मी "संदर्भ बघून सांगतो" असं म्हणायचो. हे संदर्भ मी अनेक वर्षं बघतो आहे. आत काकी चुलीपाशी हसायची. तिचं हसू मला पोर्तुगीज तोफांपेक्षा जास्त लागायचं.

या ठेचणाऱ्या माणसाची एक मांजर होती. होती म्हणजे ती स्वतःला त्यांची समजायची. काकीने सुकत घातलेल्या मासळीवर ती रोज डल्ला मारायची आणि काका रोज खुर्चीतून गरजायचे, "आज हिची खांडोळी करतो!" खांडोळी करण्यासाठी तिला जवळ बोलवायला हवं, म्हणून मग ते तिला माशाचं डोकं टाकायचे. ती खात असताना मारणं बरं दिसत नाही, म्हणून थांबायचे. खाऊन झाल्यावर ती त्यांच्या पायाशी झोपायची. मी एकदा म्हटलं, "काका, शत्रू झोपलाय, हीच वेळ आहे." ते म्हणाले, "पोफेसर, तू गप रे. माझी लढाई मला लढू दे."

ते मला पोफेसरच म्हणायचे. मी प्राध्यापकही नव्हतो, पण कोणी चढवत असेल तर उतरायचं कशाला, म्हणून मी कधी दुरुस्ती केली नाही.

तर आता ती गोष्ट, जिच्यामुळे घिवलीत मला आजही एका विशिष्ट नावाने ओळखतात. नाव पुढे येईलच.

दादाचा धंदा डोलीचा. समुद्रात खोल खुंट ठोकून त्यांना बांधलेलं मोठं पिशवीसारखं जाळं म्हणजे डोल. भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर मासळी आपणहून तिच्यात शिरते. ती जागा बापजाद्यांपासून ठरलेली असते. पण दूरच्या बंदरांवरून मोठ्या यांत्रिक बोटी येतात, आपलं जाळं ओढत सरळ या खुंटांवरून जातात, आणि डोल फाटून जाते. वर्षानुवर्षं हे चाललं होतं. त्या हिवाळ्यात दादाने नवीन डोल लावली होती. एका सकाळी तो डोल उपसायला गेला असताना अशीच एक बोट खुंटांवर चढली. दादाचा उजवा हात दोरात अडकला आणि त्याचं एक बोट चिरडलं. डोल तर फाटलीच, पण फाटलेलं जाळं त्या बोटीच्या पंख्यात असं गुंडाळलं गेलं की ती जागच्या जागी बंद पडली. आमच्या गावच्या बोटींनी ती वेढली आणि चार खलाशांसकट ओढत किनाऱ्यावर आणली.

तो नेमका रविवार होता. मी स्कूटर लावत होतो तेवढ्यात दादाला हाताला रक्ताने माखलेलं फडकं गुंडाळून येताना पाहिलं. ज्या दादाने मला शिकवलं, त्याचा तो हात. पुढचं मला नीट आठवत नाही, पण गावाला चांगलं आठवतं, आणि दरवर्षी त्यात थोडी भर पडते. मी म्हणे "मारा साल्यांना! एकालाही सोडू नका!" असं प्रमाण मराठीत ओरडत धावलो आणि वाळूत पडलेलं वल्हं उचललं. आयुष्यात खडूपेक्षा जड काही न उचललेल्या माणसाने वल्हं उचलू नये. मी ते डोक्यावर नेलं, समोर एक खलाशी गुडघ्यात मान घालून बसला होता, त्याच्यावर नेम धरला, आणि वल्हं मला घेऊन भलत्याच दिशेला गेलं. बांबूंवर काकीचे बोंबील सुकत घातले होते. बांबू मोडले. बोंबलांची अख्खी रांग वाळूत आडवी झाली. त्या दिवसापासून मी घिवलीत बोंबीलमार सर.

पण हसण्यासारखी वेळ नव्हती. माझं बघून आणखी दहा जणांनी दांडकी उचलली. वर्षानुवर्षांचा राग होता, आणि तो आज चौघांच्या रूपाने हाती लागला होता. पोलिसांना फोन गेला होता, पण त्यांना यायला वेळ लागणार होता. कोणीतरी बोटीवर ओतायला डिझेल आणा म्हणत होतं. एखाददुसऱ्याचा जीव नक्की गेला असता. संयमाचा पुरस्कर्ता वल्हं सरळ करून दुसऱ्या प्रयत्नाच्या तयारीत उभा होता.

तेवढ्यात रगूकाका आले. दुखऱ्या गुडघ्यांनी वाळूतून वाट काढत, हातात काठी. लोकांनी वाट दिली. ठेचून काढणारा माणूस आला होता, आता काय होणार हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. काकांनी चौघांना एकेक करून न्याहाळलं आणि विचारलं, "कवापासून जेवला नाय?"

मग माझ्या नेमातून वाचलेला, काशिनाथ नावाचा, पुटपुटला, "काल रातपासून."

काका गर्दीकडे वळले. "ऐकला का? उपाशी हायत. उपाशी मानसाला मारून काय मर्दुमकी? आधी जेवू दे. मंग मारा. मी पण मारीन."

आणि गाव कबूल झालं! आमच्या गावाखेरीज ही चूक दुसऱ्या कोणी केली नसती. जेवणाला नाही म्हणायची आमच्याकडे कोणाची छाती नाही. आणि ज्याने गावातल्या एखाद्या घरचं अन्न खाल्लं त्याच्यावर गावाने हात उचलायचा नाही, हा रिवाज लहान पोरालाही ठाऊक. म्हणजे जेवणानंतर मारणं नाही, हे प्रत्येकाला माहीत होतं, तरी प्रत्येक जण "हां, आधी जेवू दे" म्हणून मान डोलवत दांडकं टेकवून उभा राहिला. माझ्यासह.

काकीने त्यांना घरात घेतलं. मी वल्हं घेऊन दारात पहाऱ्याला. आतून भाताची वाफ आणि कालवणाचा वास यायला लागला. मी सकाळचा नुसत्या चहावर होतो. पोटाने असा आवाज केला की आत चौघांनी दचकून बघितलं. काकी म्हणाली, "ते लाकूड बाहेर ठेव आनि बस तू पन." मी पाच मिनिटं बाणेदारपणे उभा राहिलो असेन. मग काशिनाथच्या शेजारच्या पाटावर बसलो. काकीने मला वाढताना एवढंच विचारलं, "माझ्या बोंबलांनी तुझं काय केलं होतं रे?"

संध्याकाळी त्यांच्या बंदरावरचा एक वडीलधारा तांडेल पोलिसांबरोबर आला. रगूकाका त्याच्याशी ओटीवर बसून बोलले. बोट सोडायची, पण त्या बंदराच्या बोटी आमच्या खुंटांच्या बाजूला फिरकणार नाहीत, आणि पंखा मोकळा होईपर्यंत हे चौघं इथे बसून दादाची डोल विणून देतील. त्यांनी ती विणली. चांगली विणली. शब्दही पाळला. दुसऱ्या बंदरांच्या बोटी येत राहिल्या ती गोष्ट वेगळी.

पुढच्या रविवारी मी विजयी मुद्रेने ओटीवर गेलो. "काका, हरलात! संयम जिंकला."

"कसला संयम?" ते खवळले. "मारलं असतं तर चार दिवसांत अंग बरं झालं असतं, विसरले असते. वर आमालाच शिव्या घातल्या असत्या. आता आमचं अन्न पोटात हाय त्यांच्या. जलमभर मान वर करायचे नाय. यापेक्षा जास्ती मार कोन देल?" आणि टीव्हीकडे वळून ओरडले, "सोडू नको रे!"

मी संदर्भ बघून सांगतो म्हणालो.

दादाला मात्र हे काहीच पटलं नाही. त्याचं बोट वाकडंच राहिलं. "तुमचं सगल्यांचं जेवन झालं, बोट माझं गेलं," एवढंच तो बोलला. त्या दिवशी तो पंगतीला आला नव्हता, आणि नंतर काकांच्या ओटीवरही चढला नाही. शेजारी शेजारी घरं, पण बोलणं बंद. माझ्याजवळ सगळ्या तहांची माहिती होती, दादाला सांगण्यासारखं त्यात काही सापडलं नाही. काका ओटीवरून दादाच्या दाराकडे बघत बसायचे. एकदा मला म्हणाले, "त्याला विचारायला पायजे होतं रे. मार त्याला बसला होता. जेवू दे, हे बोलायचा हक्क त्याचा होता, मी बोललो." मी त्यांना इतक्या हळू आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

शेवटच्या आजारात खाट टीव्हीसमोर आणली होती. कुठल्याशा देशात बाँब पडत होते. "सोडू नको" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात पडद्यावर रिकामी भांडी घेऊन उभी राहिलेली माणसं आली. काका माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "पोफेसर, यांना आधी जेवू दे बोल त्यांना." जणू माझी तिकडे ओळख होती. मी म्हटलं, "बोलतो काका." त्याच आठवड्यात ते गेले.

बाराव्याला काशिनाथ आणि त्याचे सोबती आले. कोणी बोलावलं नव्हतं. काकीने वरणाचं पातेलं माझ्या हातात दिलं आणि भाताचं दुसऱ्याच्या हातात द्यायला बघू लागली. मग तेही मलाच दिलं. "तू वाढ. मारायला तूच पुढं होतास." पंगत हसली. मी वाढत काशिनाथपर्यंत आलो. त्याच्या शेजारचं पान रिकामं होतं, तिथे कोणी बसत नव्हतं.

दादा इतका वेळ दारात उभा होता. तो आला आणि त्या पानावर बसला. मी दोघांच्या पानांत भात-वरण घातलं आणि दादाने ते कालवायला घेतलं. ते वाकडं बोट भातात शिरत नव्हतं, बाहेरच राहत होतं. काशिनाथने ते पाहिलं आणि त्याचा घास हातातच थांबला. मान खाली गेली ती वर येईना. काका म्हणाले होते तसा मार त्याला बसत होता. सगळी पंगत थांबली. वरणाचं पातेलं घेऊन मी तिथेच उभा होतो.

दादाने काशिनाथच्या पानाकडे बघितलं.

"जेव," तो म्हणाला. "आधी जेव."

काशिनाथने हळूच विचारलं, "आनि मंग?"

"मंग बघू," दादा म्हणाला, आणि मला म्हणाला, "बघत काय राहिलास? वाढ त्याला."

मी वाढलं.