गजाननची चप्पल आणि आमचं बी-ट्वेल्व्ह

गजाननच्या उजव्या पायातली चप्पल प्लांटच्या चेंज रूमच्या दारात निघून पडली आणि तो तसाच चालत पुढे गेला. मी मागून हाक मारली. त्याने आधी चपलेकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायाकडे. "कवा निघाली समजलंच न्हाय, मॅडम," म्हणाला आणि हसला. मला काही हसू आलं नाही.

जबरदस्तीनेच त्याला रक्त तपासायला पाठवलं. बी-ट्वेल्व्ह जवळजवळ नव्हतंच. आणि आमचा प्लांट बनवतो काय, तर बी-ट्वेल्व्ह! मी तिथे स्ट्रेन डेव्हलपमेंट बघत होते, म्हणजे बॅक्टेरिया घडवण्याचं काम. गजानन म्हात्रे हा उरणकडचा, आमचा जुना ऑपरेटर.

हे व्हिटॅमिन झाडं बनवत नाहीत आणि प्राणीही नाहीत. ते बनवतात फक्त काही बॅक्टेरिया. मासळीतून, दुधातून आपल्याला मिळतं ते त्यांचंच. कमी पडलं की नसा खराब होतात, पाय बधिर होतात. आम्ही भराभर वाढणारा एक बॅक्टेरिया घेऊन त्यात बी-ट्वेल्व्हचे जीन्स घातले होते. त्याला मोठ्या टाकीत वाढवायचं. वाढायला त्याला खाणं, म्हणजे मीडिया, लागतं, ते जिथे कालवतात ते मीडिया किचन. त्या खाण्यात पेप्टोन नावाची पावडर पडते, आणि आमचं पेप्टोन मांसापासून केलेलं असायचं. त्याच्या गोण्या रोज गजानन फोडायचा.

आणि गजानन माळकरी! मासळीवर वाढलेला आगरी माणूस. पण दारूपायी संसाराची माती व्हायची वेळ आली तेव्हा त्याने तुळशीची माळ घातली. दारू सुटली, त्याबरोबर मासळीही सुटली. दूध म्हणाल तर चहापुरतं.

डॉक्टरांनी इंजेक्शनं लिहून दिली. मांसाचं नको म्हणत याने चिठ्ठीची घडी करून खिशात घातली. मी घसा कोरडा पडेपर्यंत समजावलं, की शेवटी जे लाल क्रिस्टल निघतात त्यात पेप्टोनचा मागमूस राहत नाही. दुसऱ्या कंपनीची हिरव्या ठिपक्याची औषधाची बाटली आणून समोर ठेवली. त्यांची गोणी आपण बघितलेली न्हाय, म्हणाला. एकदा एक किचन आतून बघितलेला माणूस दुसऱ्या किचनवर कसा विश्वास ठेवणार?

"मग रोज त्याच गोणीला हात लावता तो, गजाननभाऊ?"

"हात धुता येतो, मॅडम."

मी चिडून त्याच्या घरी गेले. बायको, वनिता, तरी माझ्या बाजूने बोलेल असं वाटलं होतं. तिने चहा दिला आणि शांतपणे सांगितलं, "माळ तुटली का दारूची बाटली आली. पाय गेलं तर मी त्यांना सांभाळीन. बाटली आली तर न्हाय जमणार." चहा पिऊन निघाले.

राहिला एकच रस्ता. आमचंच बी-ट्वेल्व्ह मांसाशिवाय, सोयाबीनच्या पेप्टोनवर करायचं. प्लांट हेड कुलकर्णी सरांनी ऐकून घेतलं आणि हात वर केले. मीडिया बदलला की व्हॅलिडेशन परत, म्हणजे नव्या पद्धतीनेही माल तस्साच निघतो हे सिद्ध करत बसायचं. एका ऑपरेटरसाठी? पण मार्केटिंगवाल्याने 'शंभर टक्के शाकाहारी' हा शब्द काढला आणि सरांचं मत पालटलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काम व्हायचं होतं म्हणून गिळली.

सोयाबीनवर बॅक्टेरिया मस्त वाढले, पण व्हिटॅमिन काही बनवेनात. आपण घातलेले जीन्स म्हणजे त्यांना ओझं; मांसाच्या खाण्यावर ते पेललं जायचं, सोयाबीनवर नाही. ज्याने ते टाकून दिले तो हलका होतो, झपाट्याने वाढतो, आणि बघता बघता सगळी टाकी कामचुकारांनी भरते. ऑफिसात हे पाहिलंच होतं. शेवटी ते जीन्स बॅक्टेरियाच्या मूळ डीएनएतच शिवून टाकायचे ठरवले, म्हणजे टाकूच शकणार नाही. बोलायला सोपं. फ्लास्कमागून फ्लास्क वाया गेले. फ्लास्कमध्ये जमलं तर टाकीत फसायचं.

इकडे गजानन आधी रेलिंग धरून चालायला लागला, मग काठी आली, मग किचनच्या ओल्या फरशीवर पडला. कंपनीने मेडिकली अनफिट ठरवून घरी बसवलं. मी फोन करायचे, निदान तोवर दुसरं इंजेक्शन घ्या म्हणून गयावया करायचे. तो म्हणायचा, "तुमचं होऊ द्या की." माझ्या भरवशावर पाय घालवत बसला होता तो माणूस. सकाळी लॅबचं दार उघडताना मला रडू यायचं.

झालं एकदाचं. आमच्या मालाची इंजेक्शनं बाजारात आली तेव्हा पहिलं खोकं घेऊन मीच गेले.

"गोणी कोणी फोडली?" त्याने विचारलं.

"मी. सोयाबीनची."

त्याने दंड पुढे केला.

पुढच्या तपासणीत बी-ट्वेल्व्ह एकदम नॉर्मल आलं. पाय मात्र होते तसेच. इतके दिवस उपाशी राहिलेल्या नसा आता परत येणार नाहीत, डॉक्टर म्हणाले, याहून बिघडणार नाही यातच समाधान माना. मला ते मानता आलेलं नाही. खोक्यावर आता हिरवा ठिपका आहे, माल जोरात खपतो, कुलकर्णी सरांना बढती मिळाली.

नवीन मुलं लॅबमध्ये आली की मी त्यांना सांगते, बॅक्टेरियाला वळवायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ नस थांबत नाही. मुलं ते लिहून घेतात.

परवा गेले होते तेव्हा तो ओट्यावर बसला होता. बाहेर पडायचं म्हणून वनिता खाली बसून त्याच्या पायाला जुन्या साडीच्या पट्टीने चप्पल बांधत होती. गाठ मारून तिने विचारलं, "आवळत तर न्हाय ना?"

"मना काय समजतंय," तो म्हणाला, "तूच बघ."